पुणे नापास, वडगाव रासाई पास

एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले दोन लॅपटॉप. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच विंडोज, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्तीसुद्धा तीच. एक वडगाव रासाईला आमच्या घरी, दुसरा न्हावऱ्याला माझ्या मावसभावाकडे. दोघांवर तोच प्रोग्राम आणि तीच चाचणी. आमच्याकडे हिरवी, त्याच्याकडे लाल. सगळीकडेच बंद पडणारा प्रोग्राम मला कधी घाबरवत नाही, कारण तो कुठेही बसून दुरुस्त करता येतो. काही घरी चालणारा आणि काही घरी न चालणारा प्रोग्राम मात्र झोप उडवतो.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या कंपन्यांमधली बरीच मुलं-मुली गावाकडे परतली. मीही वडगावला आले. समोर भीमा, पलीकडच्या काठावर दौंड तालुका, अलीकडे शिरूर, आणि दोन्हीकडे नजर जाईल तिथवर ऊस. दिवसा कंपनीचं काम करायचं आणि रात्री, नेट बरं चालायचं तेव्हा, आम्ही काही जण ग्रामवाचनालयांसाठी एक छोटा प्रोग्राम लिहायचो. सभासदांची यादी, वर्गणी, पुस्तकांची देवघेव, एवढाच त्याचा जीव. पैसे कुणी मागितले नव्हते आणि कुणी देणारही नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरच्या संगणकावर तो चालवून पाहायचा आणि निकाल कळवायचा, असं ठरलं होतं.

या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगते. प्रोग्राम लिहिणारे त्याच्यासोबत दुसरे छोटे प्रोग्रामही लिहितात. मुख्य प्रोग्राम बरोबर वागतो का, हे तपासणं एवढंच त्यांचं काम. ‘ही फाईल वाच, इतक्या ओळी यायला हव्यात’, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. उत्तर जुळलं की पडद्यावर हिरवं, नाही जुळलं की लाल. त्यालाच आम्ही चाचणी किंवा सरळ टेस्ट म्हणतो.

न्हावऱ्याहून मावसभावाचा फोन यायचा. “ताई, परत लाल आलंय. लॅपटॉप परत करू का दुकानात?” मी त्याला थांबवायचे.

अशा वेळी संशय घ्यायची एक ठरलेली वाट असते. पहिला संशय अँटिव्हायरसवर, कारण तो नवी फाईल तपासण्यासाठी उघडून धरतो, आणि उघडी असलेली फाईल विंडोज सहसा पुसू देत नाही. लिनक्सवर तीच फाईल बिनबोभाट पुसली जाते. मग ओळीच्या शेवटाचा संशय. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य चिन्हं घालतं, लिनक्स एकच, त्यामुळे बाइट मोजणारी चाचणी एकीकडे पास होते आणि दुसरीकडे नापास. मग फाईलच्या नावातली लहान-मोठी लिपी, मग मंद हार्ड डिस्क, मग वीज. महावितरणची वीज गेली की बॅटरीवर लॅपटॉप आपला वेग कमी करतो आणि ‘दोन सेकंदांत उत्तर द्या’ म्हणणाऱ्या चाचण्या पडतात. हे सगळं आम्ही पाहिलं. त्यातलं काहीच नव्हतं.

पुण्यात बसलेल्या आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सरांचं उत्तर ठरलेलं होतं. “माझ्या मशीनवर सगळं हिरवं आहे.” आमच्या व्यवसायात या वाक्याची फार चेष्टा होते. मला ते वाक्य मोलाचं वाटतं, कारण त्यात खरी माहिती असते. सरांची मशीन लिनक्सची होती. म्हणजे लिनक्सवर चूक दिसत नाही, विंडोजवर दिसते, आणि विंडोजवरही सगळीकडे दिसत नाही. मी वही काढली आणि कुठे काय झालं ते गाववार लिहायला लागले.

वडगाव रासाई, पास. मांडवगण फराटा, पास. तळेगाव ढमढेरे, पास. पलीकडे दौंड पास, पाटस पास. न्हावरे, नापास. पुणे शहरात विंडोजवर काम करणारी एक मैत्रीण होती, तिच्याकडेही नापास. शहर आणि गाव असा फरक म्हणावा, तर न्हावरे मध्ये येत होतं. नेटचा वेग म्हणावा, तर चाचणीला नेट लागतच नव्हतं.

धागा सापडला तो मांडवगणच्या एका घरात. तिथे निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींचा संगणक पास होत होता आणि त्याच घरातला त्यांच्या नातीचा नापास. दोन्ही विंडोजचेच. ती पोरगी कॉलेजात होती आणि तिने जे केलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. तिने दोन्ही संगणकांवरच्या सगळ्या फाईल एकेक करून अदलाबदल केल्या. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. “ताई, आजोबांची गाव-फाईल माझ्यात टाकली की माझं पास होतं. माझी त्यांच्यात टाकली की त्यांचं नापास. संगणकाचा दोष नाही, फाईलचा आहे.”

गाव-फाईल म्हणजे प्रत्येकाने स्वतः टंकलेली दोन ओळींची फाईल. पहिल्या ओळीत गाव, दुसरीत तालुका. दोघांच्या फाईलमध्ये गाव तेच होतं. तालुक्यात फरक होता. गुरुजींनी ‘शिरूर’ लिहिलं होतं, रू दीर्घ. नातीने ‘शिरुर’, रु ऱ्हस्व. गुरुजींना हे कळलं तेव्हा त्यांनी फोनवरच नियम सांगितला, की शब्द अकारान्त आहे, उपान्त्य उकार दीर्घच हवा. नियम बरोबर होता. पण पायथॉनला मराठीचं शुद्धलेखन येत नाही. मग त्याला नेमका ऱ्हस्व उकारच का खुपावा?

मी न्हावऱ्याचा आणि पुण्याचा त्रुटिसंदेश शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचला. दोन्ही ठिकाणी एकच तक्रार होती. स्थान ५ वरचा बाइट ओळखता येत नाही. न्हावऱ्याला तो बाइट होता ८डी, पुण्याला ८१. (बाइट सोळांच्या मोजणीत लिहितात, म्हणून त्यांत आकड्यांसोबत अक्षरंही येतात.) मोजणी शून्यापासून असल्यामुळे स्थान ५ म्हणजे सहावा बाइट.

इथून पुढचं समजायला थोडं खोलात जावं लागतं, पण ज्याला मराठी लिहिता येतं त्याला हे नक्की समजेल.

संगणकात अक्षर नसतं, आकडे असतात. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला आहे. ‘क’ला एक, कान्याला एक, अनुस्वाराला एक, आणि पाय मोडायच्या चिन्हाला, म्हणजे हलंताला, स्वतंत्र एक. फाईलमध्ये लिहिताना यूटीएफ-८ या पद्धतीने अशा प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात. ‘पु’ म्हणजे प आणि ऱ्हस्व उकार, सहा बाइट. ‘न्’ म्हणजे न आणि हलंत, हेही सहा बाइट. दोन्हीकडे सहावा बाइट हा त्या दुसऱ्या चिन्हाचा शेवटचा बाइट. ऱ्हस्व उकाराचे तीन बाइट ई०, ए५, ८१. हलंताचे ई०, ए५, ८डी.

आता दुसरी बाजू. प्रोग्राममध्ये ‘फाईल उघड’ एवढंच लिहिलं होतं. कोणत्या पद्धतीने वाच, ते लिहिलं नव्हतं. लिनक्स न सांगता यूटीएफ-८ धरतं, म्हणून सरांकडे सगळं ठीक होतं. विंडोजवर पायथॉन त्या संगणकाची जुनी ठरलेली सारणी घेतो, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती सारणी विंडोज-१२५२ असते. पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी बनवलेली. टपाल कचेरीतल्या खणांच्या कपाटासारखी तिची रचना आहे. २५६ खण, एका बाइटला एक खण, आणि खणात एक अक्षर. त्यातले पाच खण रिकामे आहेत. ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. त्या खणाकडे पाठवलेला बाइट आला की पायथॉन तिथेच थांबतो आणि लाल दाखवतो.

मी त्या रात्री देवनागरीची सगळी सारणी काढून बसले. ८१ वर संपणारी चिन्हं कोणती? ऱ्हस्व उकार, आणि चंद्रबिंदू. ८डी वर? हलंत. ८एफ वर ‘ए’. ९० वर ‘ऐ’ आणि ॐ. ९डी वर ‘झ’. आणि दीर्घ ऊकार संपतो ८२ वर, जिथे युरोपातलं एक साधं अवतरणचिन्ह बसलेलं आहे. म्हणून शिरूर पास आणि शिरुर नापास. पुणे नापास, न्हावरे नापास. आणि ‘वडगाव रासाई’ या नावात ना जोडाक्षर, ना ऱ्हस्व उकार, ना ए, ना झ. दौंड, पाटस, मांडवगण फराटा, तळेगाव ढमढेरे, एकाही नावातला एकही बाइट त्या पाच खणांवर जात नाही. आमच्या नद्याही मी तपासल्या. भीमा पास, घोड पास, मुळा आणि मुठा दोन्ही नापास. ऊस पास, गुऱ्हाळ नापास.

या सारण्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. देवनागरीचा युनिकोडमधला क्रम आपल्याच देशात ठरलेल्या इस्की या संकेतप्रणालीवरून आला. इस्कीची १९८८ ची आवृत्ती युनिकोडने आधाराला घेतली, आणि १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोनेही इस्कीचं मानक प्रसिद्ध केलं. पुण्याच्या सी-डॅकने या प्रणालीवरची साधनं कार्यालयाकार्यालयांत पोचवली. विंडोज-१२५२ची सारणी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फ्रेंच आणि जर्मन होती, देवनागरी नव्हती. त्यांचे पाच रिकामे खण आणि आपलं सतत वापरलं जाणारं हलंताचं चिन्ह एकमेकांवर येणं हा निव्वळ योगायोग आहे. पण त्याचा परिणाम असा की मराठीतलं जवळजवळ कोणतंही पूर्ण वाक्य तिथे अडतं. जोडाक्षर आणि ऱ्हस्व उकार दोन्ही टाळून चार ओळी लिहून पाहा, किती जड जातं ते कळेल. आमची गाव-फाईल दोन ओळींची होती, म्हणून काही गावं सुटली.

खरा धक्का मात्र यापुढे होता, आणि तो माझ्या वडिलांनी दिला.

वडील सकाळी सभासदांच्या यादीचा छापलेला कागद बघत होते. आमच्याकडचा एक आणि पुण्याच्या सरांकडून आलेला एक. ते म्हणाले, “पोरी, आपल्या कागदावर गावाच्या पुढचा रकाना एवढा आत का सरकलाय?” मी पाहिलं. प्रोग्राम गावाच्या नावापुढे मोकळी जागा भरून ते ४० चिन्हांइतकं रुंद करायचा. सरांच्या कागदावर ते बरोबर होतं. आमच्या कागदावर गावानंतर अगदी थोडी जागा होती.

मी नावाची लांबी मोजायला लावली. ‘वडगाव रासाई’ची युनिकोडच्या हिशेबाने चिन्हं होतात ११, मधली मोकळी जागा धरून. आमच्या संगणकाने उत्तर दिलं ३१. दहा चिन्हांचे तीनतीन बाइट म्हणजे तीस, आणि मोकळ्या जागेचा एक. तो आमच्या गावाचं नाव वाचतच नव्हता. त्याला दिसत होती एकतीस युरोपीय चिन्हांची रांग, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग चार काटे असलेलं गोल चिन्ह, मग आणखी काही, आणि पुन्हा तेच. आणि तरीही चाचणी हिरवी होती! कारण चाचणी दोनच गोष्टी विचारत होती. ओळ रिकामी नाही ना? आणि वाचलेलं परत लिहिलं तर मूळ फाईलशी जुळतं का? ते जुळत होतं. चुकीच्या सारणीने वाचलं आणि त्याच चुकीच्या सारणीने लिहिलं, की बाइट जसेच्या तसे परत येतात. फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर ‘वडगाव रासाई’ स्वच्छ दिसत होतं. कुणाला संशय यावा असं काहीच नव्हतं.

म्हणजे न्हावऱ्याचा लॅपटॉप, जो दुकानात परत द्यायची गोष्ट चालली होती, तो खरं सांगत होता. ‘मला हे वाचता येत नाही’ असं तो स्पष्ट म्हणत होता. न वाचता ‘वाचलं’ म्हणणारे आमचे, दौंडचे आणि पाटसचे संगणक होते. नापास होणाऱ्या यंत्रांना दुरुस्त करायला आम्ही निघालो होतो, आणि दुरुस्तीची गरज पास होणाऱ्या चाचणीला होती. मी त्यानंतर कोणतीही हिरवी खूण पाहिली की आधी विचारते, ही चाचणी नेमकं काय विचारते आहे?

दुरुस्ती एका शब्दाची होती. फाईल उघडताना ‘यूटीएफ-८ने वाच’ असं सांगायचं. चाचणीत आम्ही लांबीचा प्रश्न घातला, की ‘वडगाव रासाई’ म्हणजे ११, दुसरं उत्तर चालणार नाही. तळेगावच्या एका घरी ही नवी कसोटी जुन्या प्रोग्रामवरही बरोबर निघाली, त्याचं कारणही नंतर सापडलं. विंडोज १० च्या प्रदेशविषयक सेटिंगमध्ये सगळ्या संगणकासाठी यूटीएफ-८ वापरायची एक प्रायोगिक चौकट आहे, ती तिथे कुणीतरी आधीच टिचकवून ठेवली होती. पायथॉनच्या कर्त्यांनीही हा घोळ ओळखला आहे. ३.१५ या आवृत्तीपासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं, असं त्यांनी ठरवलं. ठरावाचा प्रस्ताव मांडणारे इनादा नाओकी जपानचे आहेत, आणि जपानी विंडोजवरही जुनी सारणी वेगळीच असते. ज्याच्या भाषेला रोज ठेच लागते, त्यानेच हे उचलून धरलं.

आपल्या संगणकावर उत्तर चुकतं म्हणून माणसाने हट्टाने मागे लागावं, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण १९९४ चं आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. कामाला नवा पेंटियम संगणक जोडला आणि आकडे जुन्या संगणकांशी जुळेनात. त्यांनी आपला प्रोग्राम तपासला, कंपायलर तपासला, मदरबोर्डचा संशय घेतला, महिने घालवले, आणि ऑक्टोबरमध्ये इतरांना लिहून विचारलं, तुमच्याकडच्या पेंटियमवर माझा भागाकार करून पाहाल का? जगभरच्या लोकांनी केला. पुढे सापडलेल्या एका उदाहरणात ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागलं की १.३३३८२ यायला हवं, सदोष चिपवर १.३३३७४ येत होतं. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या सारणीतल्या पाच नोंदी भरायच्या राहिल्या होत्या, असा इंटेलचा त्या वेळचा खुलासा होता. तिथेही रिकामे खण, आणि तेही पाच! चिपा बदलून देण्यापोटी इंटेलला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. नाइसलींनी ‘माझाच संगणक बिघडला असेल’ म्हणून तो बाजूला ठेवला असता तर?

आमच्याकडे पुढची लाल खूण आली ती वाचनालय सांभाळणाऱ्या काकूंच्या घरून. तोवर प्रोग्रामला ब्राउझरमध्ये दिसणारी पानं जोडली होती. वर्गणीच्या पानावर ‘50’ दिसायला हवेत, ही चाचणी. सगळीकडे दिसत होते. काकूंकडे मात्र दिसत होते ‘५०’. त्यांनी क्रोमची भाषा मराठी ठेवली होती.

इथली गोम फार कमी जणांना माहीत असते. कोणत्या भाषेत तारीख कशी लिहायची, आकडे कसे लिहायचे, याची सीएलडीआर नावाची एक जागतिक माहितीसूची आहे, आणि ब्राउझर, फोन, जावा सगळे तिच्यावर चालतात. तिच्यात हिंदीसाठी ठरलेले आकडे इंग्रजी आहेत, मराठीसाठी देवनागरी. भाषा हिंदी केली तर चाचणी पास, मराठी केली तर नापास. आकडे देवनागरीत दिसणं ही चूक नव्हतीच, ते तर सुंदर दिसत होतं. अडचण पुढे होती. पानावर दिसणारा आकडा उचलून प्रोग्राम त्याची बेरीज करायचा, आणि जावास्क्रिप्टला ‘५०’ दिलं की ती उत्तर देते, ही संख्याच नाही. पायथॉनला तेच ‘५०’ दिलं तर तो पन्नास समजतो. एकाच प्रोग्रामच्या दोन भागांत एकाला मराठी आकडे कळत होते आणि एकाला कळत नव्हते. तुर्की प्रोग्रामर मंडळी हा अनुभव फार जुन्या काळापासून सांगत आली आहेत. त्यांच्या भाषेत टिंबवाला आणि बिनटिंबाचा असे दोन वेगळे आय आहेत, त्यामुळे लहान अक्षराचं मोठं करताना तुर्की संगणकावर भलतंच अक्षर येतं आणि इतरत्र बिनचूक चालणाऱ्या चाचण्या तिथे पडतात.

आमच्यातल्या एकाने काकूंना सुचवलं, “काकू, तेवढी भाषा इंग्रजी करून घ्या, सगळं नीट चालेल.” काकू शांतपणे म्हणाल्या, “अरे, मराठीत दिसतं म्हणून तर मी हे चालवते. इंग्रजी करायचं तर वहीच बरी होती की.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि त्या दिवशी मी ते भांडून सगळ्यांच्या गळी उतरवलं. मराठी वाचनालयाचा प्रोग्राम मराठी संगणकावर पडतो, तेव्हा बदलायचं प्रोग्रामला, वापरणाऱ्या बाईला नाही. दाखवायचा आकडा आणि मोजायचा आकडा आम्ही वेगळे केले. काकूंच्या पानावर आजही ५० च दिसतात, देवनागरीत.

मग आला १ जूनचा किस्सा. हा ऐकून पुण्याचे सरही खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, आणि हेडमास्तर वयाचा अंदाज करून १ जून लिहून टाकायचे. आमच्या यादीतही १ जूनवाले ज्येष्ठ सभासद भरपूर होते. चाचणी म्हणून सगळ्यांच्या तारखा एका संगणकावर भरल्या आणि दुसऱ्यावर वाचल्या. वाचनालयातला जुना संगणक, त्यावरचा जुना ब्राउझर, तिथे काही थोड्या लोकांचा जन्म ३१ मेचा झाला. सगळ्यांचा नाही. १९४० सालचे ठीक, १९४२ चे ठीक, १९४६ नंतरचे सगळे ठीक. बिघडलेले फक्त १९४३, १९४४ आणि १९४५ चे.

तीन वर्षं वाचली आणि माझ्या लक्षात आलं, हे महायुद्ध आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी आपली वेळ तेव्हा साडेसहा तास पुढे होती. नव्या ब्राउझरकडे हा इतिहास आहे. १ जून १९४३ ची मध्यरात्र म्हणजे ग्रीनिचला ३१ मेचे साडेपाच, संध्याकाळचे, असा त्याने बरोबर हिशेब केला आणि तसं साठवलं. जुन्या ब्राउझरकडे इतिहास नव्हता. त्याने आजचेच साडेपाच तास मिळवले आणि त्याला आली ३१ मेची रात्र, अकरा वाजताची. दिवस बदलला. भीमेकाठच्या आजोबांचा जन्म एक दिवस मागे गेला तो युद्धासाठी फिरवलेल्या घड्याळाच्या काट्यांमुळे, आणि ते आम्हाला एका वाचनालयातल्या जुनाट संगणकाने दाखवलं. जन्मतारीख ही वेळ नव्हे. तिला तास-मिनिटं जोडायचीच नाहीत, नुसते दिवस, महिना आणि वर्ष ठेवायचं, असं आम्ही त्यानंतर ठरवलं. तो संगणक बदलायचं घाटत होतं. चाचणीसाठी तो तसाच ठेवा, अशी विनंती मी काकूंना केली, आणि त्यांनी मानली.

चाचण्यांसाठी आता शब्दांची एक यादी आहे. त्यात पुणे आहे, न्हावरे आहे, झाड आहे, एक आणि ऐरण आहे, आणि दोन्ही शिरूर आहेत. मांडवगणच्या गुरुजींनी ऱ्हस्व शिरुर यादीत ठेवायला सुरुवातीला हरकत घेतली, मग कारण ऐकून स्वतःच म्हणाले, राहू द्या, पण पुढे ‘अशुद्ध’ असं लिहा. तसं लिहिलं आहे.

यादीतला सध्या छळणारा शब्द गुऱ्हाळ. पुस्तकांच्या यादीत तो शोधला तर काही घरी सापडतो, काही घरी नाही, आणि दिसायला मात्र सगळीकडे एकसारखा. यातला अर्धा र टंकायच्या एकाहून जास्त वाटा आहेत. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलंत घालतात. काही साधा र, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना अक्षर तेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. मजकूर एकसारखा करून घेण्याची युनिकोडची जी नेहमीची पद्धत आहे, ती या दोन रूपांना एक करत नाही, ते आपलं आपल्यालाच करावं लागतं. मांडवगणच्या नातीने त्यासाठीचा भाग लिहायला घेतला आहे. ती आता पुण्यात नोकरीला आहे, आणि शनिवारी गावी आली की आजोबांच्या संगणकावर आणि स्वतःच्या लॅपटॉपवर दोन्ही रूपं टंकून आम्हाला निकाल पाठवते. कालच्या शनिवारी आजोबांकडे हिरवं होतं, तिच्याकडे लाल. मी तिला विचारलं आहे, की हिरव्याने नेमकं काय वाचलं ते आधी पाठव.